जेवढी गळती, तेवढीच भर

घरात जुने दोन ट्रान्झिस्टर रेडिओ असतील तर आज रात्री एक प्रयोग करून बघा. दोन्ही सुईच्या डायलचे हवेत, आकडे दाखवणारे नवे रेडिओ नकोत. पहिल्यावर मीडियम वेव्हला पुणे आकाशवाणी लावा, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ, आणि आवाज अगदी बारीक करा. दुसरा त्याला चिकटवून ठेवा आणि सुई १२४७च्या आसपास सावकाश फिरवा. एका जागी खरखर अचानक दबते, कुणी बोलत नाही, गात नाही, पण तिथे काहीतरी आहे असं कानाला कळतं. जवळपास एखादं दूरचं, क्षीण केंद्र लागत असेल तर त्याच्या आवाजावर शीळ चढते. आता पहिल्या रेडिओची सुई केसभर हलवली, की शीळ सुर्रकन वर जाते किंवा खाली येते.

ही शीळ पहिल्या रेडिओच्या पोटातून येते. एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये शोधलेल्या सुपरहेट पद्धतीचा रेडिओ केंद्राची लहर जशीच्या तशी वापरत नाही. तो स्वतःची एक लहर तयार करतो, केंद्रापेक्षा ४५५ किलोहर्ट्झने चढी, आणि दोन्ही एकमेकींत मिसळतो. ७९२ अधिक ४५५ म्हणजे १२४७. आपण ज्याला फक्त ऐकणारं यंत्र समजत होतो ते अव्याहत गुणगुणतही असतं, आणि शेजारच्या रेडिओला ती गुणगुण ऐकू येते. ती निर्माण करणारा भाग म्हणजे ऑसिलेटर. एक ट्रान्झिस्टर, एक कॉईल, दोन-तीन कंडेन्सर, एवढाच त्याचा संसार.

या प्रकरणात असा एक ऑसिलेटर स्वतःच्या हाताने उभा करायचा आहे. सेकंदाला सत्तर लाख दोलनं, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. वस्तू पुण्याच्या बुधवार पेठेतल्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात मिळतील आणि सगळ्यांचा खर्च एका थाळीच्या जेवणात बसेल. मला खरी ओढ आहे ती त्यातून निघणाऱ्या लहरीच्या आकाराची. ती साइन लहर हवी, स्वच्छ, गोलाईदार, कुठेही कोपरा नसलेली.

साइन या शब्दामागची वाट आपल्याच अंगणातून जाते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ज्यार्धांची कोष्टकं दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. संस्कृतातली ‘जीवा’ अरबीत ‘जिबा’ झाली, अरबी लिपीत स्वर गळाल्यामुळे ती ‘जैब’ अशी वाचली गेली, जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा उराशी पडलेला खोलगट भाग, आणि लॅटिनमध्ये तिचं भाषांतर झालं ‘सायनस’. आजही आपली गणिताची जुनी पुस्तकं साइनला ज्या म्हणतात.

ही लहर खास का, याचं उत्तर फूरिएने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलं. पुन्हापुन्हा येणारी कोणतीही लहर साइन लहरींच्या बेरजेने बनवता येते. ७ मेगाहर्ट्झची चौकोनी लहर घेतली तर तिच्यात ७, २१, ३५ अशा विषम पटींच्या साइन लहरी दडलेल्या असतात. म्हणजे आपण एका जागी बोलतो आहोत असं वाटत असताना दहा जागी गोंगाट चाललेला असतो. शुद्ध साइन मात्र एकाच जागी असते.

आता झोपाळ्याकडे वळू. माजघरातला पितळी कड्यांचा, लाकडी फळीचा झोपाळा डोळ्यांपुढे आणा. एकदा ढकलला की तो आपल्याच लयीत झुलतो. टोकाला पोचला की क्षणभर थांबतो, तेव्हा सगळी ऊर्जा उंचीत असते. मधून जाताना ती सगळी वेगात असते. कॉईल आणि कंडेन्सर एकमेकांना जोडले की हेच घडतं. भारलेला कंडेन्सर म्हणजे टोकाला थांबलेला झोपाळा. तो कॉईलमधून रिकामा होऊ लागतो, कॉईलभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं, कंडेन्सर रिता झाला तरी कॉईल विद्युतप्रवाहाला थांबू देत नाही आणि कंडेन्सर उलट बाजूने भरतो. मग परतीचा झोका. त्याची लय विल्यम थॉमसनने, पुढे जे लॉर्ड केल्व्हिन झाले त्यांनी, १८५३ मध्ये गणिताने मांडली. हौशी माणसाच्या वहीसाठी तिचं रूप असं: कॉईल मायक्रोहेन्रीत, कंडेन्सर पिकोफॅरडमध्ये घ्या, दोघांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर मेगाहर्ट्झमध्ये मिळतं. ५ मायक्रोहेन्री आणि १०० पिकोफॅरड घेतले तर गुणाकार ५००, वर्गमूळ २२.४, आणि वारंवारता ७.१ मेगाहर्ट्झ. एवढं गणित खिशात असलं की पुढची सगळी वाट चालता येते.

पण झोपाळा थांबतो. कड्या घासतात, हवा अडवते. तशी तांब्याची तारही थोडा विरोध करते आणि दरेक फेरीत थोडी ऊर्जा उष्णतेत गळते. झोपाळ्यावर बसलेली आजी काय करते ते आठवा. हातात वाती वळणं चालू असतं, गप्पा चालू असतात, आणि पायाचा अंगठा दर झोक्याला जमिनीला हलकेच टेकतो. नेमक्या क्षणी, आणि जेवढा झोका कमी झाला तेवढाच. जोरात लाथ मारली तर झोपाळा वेडावाकडा हिसका खाईल. या प्रकरणातली प्रत्येक खटपट त्या अंगठ्यापाशी येऊन थांबते.

तो अंगठा सापडला १९१२-१३ च्या सुमारास. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या आर्मस्ट्राँगने निर्वात नळीतून बाहेर पडणाऱ्या वाढलेल्या लहरीचा थोडा भाग पुन्हा तिच्या तोंडाशी नेऊन दिला. आवाज कितीतरी वाढला, आणि आणखी भाग परत दिला तेव्हा नळी स्वतःच शीळ घालू लागली. त्याच सुमारास जर्मनीत टेलिफुंकनमध्ये अलेक्झांडर माइसनरने हेच साधलं. ली डी फॉरेस्टनेही हक्क सांगितला, आणि आर्मस्ट्राँग विरुद्ध डी फॉरेस्ट हा वाद रेंगाळत १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने लागला. अभियंत्यांच्या जगाने मात्र आर्मस्ट्राँगचाच मान ठेवला, आणि मला ते योग्य वाटतं. तो आपल्या हातांत काय आलं आहे हे जाणत होता.

पुढे १९२१ मध्ये हाइनरिख बार्कहाउझेनने अट नेमकी लिहिली. परत दिलेली लहर फिरून आल्यावर पहिलीच्या पावलात पाऊल टाकून आली पाहिजे आणि मोठीही तेवढीच असली पाहिजे. कमी पडली तर दोलन विझतं, जास्त झाली तर वाढत जातं. परत देण्याची सोय कोणी कशी केली, यावरून मांडण्यांना नावं पडली. राल्फ हार्टलीने १९१५ मध्ये कॉईलच्या मधून फाटा काढला. एडविन कोल्पिट्सने कंडेन्सरचे दोन भाग करून त्यांच्या मधून काढला. १९४८ मध्ये जेम्स क्लॅपने कोल्पिट्सच्या कॉईलला ओळीत आणखी एक लहान कंडेन्सर जोडला. आपण क्लॅपचं बोट धरणार आहोत, का ते पुढे येईलच.

बरेच जण विचारतात की हे आयसीने का करत नाही? ७४१ हा ऑप-अँप प्रत्येक कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, त्यावर साइन लहर सहज निघते. निघते, पण हळू. ७४१ मधून बाहेर पडणारं व्होल्टेज एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच हलू शकतं. दहा व्होल्ट उंचीची साइन लहर त्याला जेमतेम ८ किलोहर्ट्झपर्यंत झेपते, त्यापुढे गोलाई जाऊन तिचा त्रिकोण होतो. आपल्याला त्याच्या जवळजवळ नऊशे पट वेग हवा आहे. दुसरी वाट तयार मॉड्यूलची. एडी ९८५० ही चिप १२५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर आकड्यांतून साइन लहर रचते आणि हर्ट्झच्या तीन शतांशांइतक्या पायरीने ती सरकवू शकते. उत्तम वस्तू आहे, माझ्याकडेही आहे. पण तिच्यात झोपाळा दिसत नाही. तुम्ही आकडा भरता आणि आकडा मिळतो. कॉईलचा एक वेढा बोटाने सरकवला आणि दूर कुठेतरी शीळ चढली, हा अनुभव तिच्यापाशी नाही.

खरेदी थोडक्यात सांगतो. बीसी ५४७ चे पाच ट्रान्झिस्टर घ्या, गाडीवरच्या एक-दोन कटिंगच्या पैशांत येतात. माहितीपत्रकात त्याची वेगमर्यादा ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते, पण ती १० मिलिअँपिअर प्रवाहाला मोजलेली असते. आपण एक मिलिअँपिअरच्याही खाली चालवणार, तिथे मर्यादा बरीच घसरते. तरी ७ मेगाहर्ट्झला पुरून उरते. पुढे कधी ५०-१०० मेगाहर्ट्झचा मोह झाला तर बीएफ ४९४ घ्या, फक्त त्याचे पाय तपासून लावा. त्याचा मधला पाय एमिटर असतो, ५४७ चा बेस. या एका फरकाने किती संध्याकाळी वाया गेल्या असतील याची गणती नाही.

कंडेन्सर घेताना मात्र घासाघीस नको. दुकानदार १०२ म्हटलं की तपकिरी डिस्क पुढे सरकवतो. १०२ म्हणजे १००० पिकोफॅरड हे बरोबर, पण त्या स्वस्त डिस्कमधलं सिरॅमिक उन्हाळ्यात एक आणि थंडीत दुसरंच मूल्य दाखवतं. काही जातींचं मूल्य तापमानाच्या टोकांना निम्म्याखाली उतरतं. झोपाळ्याची लांबी दुपारी एक आणि रात्री दुसरी असावी, तसा हा प्रकार. आपल्याला एनपीझिरो जात हवी, तिचा बदल दर अंशाला दशलक्षात ३० भागांच्या आत असतो. लहान डिस्कवर डोक्याला काळा ठिपका असेल तर ती बहुधा हीच. नाहीतर पॉलिस्टायरीन घ्या. पुढच्या जोडणीत गाळणीचं काम करणाऱ्या १०४ ला साधी डिस्क चालते, लय ठरवणाऱ्या तिघांना नाही.

कॉईल आपण घरी वळू. विजेच्या फिटिंगचा २० मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप बोटभर कापा. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे इनॅमलची २४ गेज तार वजनावर मिळते, एवढी थोडी मागितली तर तो पैसेही घेणार नाही. पंधरा वेढे, एकमेकांना चिकटून, ताणून. हॅरॉल्ड व्हीलरने १९२८ मध्ये दिलेल्या सूत्राने हिशोब केला तर याचे साधारण ५ मायक्रोहेन्री होतात. टोकं बांधा, आणि शेवटी वारंवारता जुळली की नखांच्या रंगाचा पारदर्शक हात द्या, म्हणजे वेढे हलणार नाहीत. सामान किती साधं चालतं याचा मला सर्वात आवडणारा दाखला हैदराबादचा आहे. अशहर फरहान यांनी भारतात सहज मिळणाऱ्या भागांतून हौशी रेडिओवाल्यांसाठी बिटएक्स नावाचा संच रचला, आणि कॉईल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर सुचवले. तो संच जगभर लोकांनी बांधला.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. ७ मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तारेच्या पोटातून वाहतच नाही, तिच्या पृष्ठभागाच्या सुमारे २५ मायक्रॉन थरातून वाहतो. केसाच्या जाडीपेक्षाही तो थर पातळ आहे. म्हणून तारेचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, आणि टोकांचं इनॅमल ब्लेडने लख्ख खरवडून मगच डाग द्यायला हवा. माझा आयुष्यातला पहिला ऑसिलेटर दोन दिवस मुका बसला होता. ट्रान्झिस्टर बदलले, सेल बदलला, मांडणी चार वेळा ताडून पाहिली. शेवटी मीटर लावला तेव्हा कळलं की कॉईल सर्किटला जोडलेलीच नव्हती. कथील तिच्या टोकावर सुंदर बसलं होतं, आणि खाली इनॅमलचा थर शाबूत होता.

आता जोडणी. नऊ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे ७८एल०५, म्हणजे स्थिर पाच व्होल्ट. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर थेट पाच व्होल्टला, आणि तिथूनच १०४ चा कंडेन्सर ग्राउंडला, पाय शक्य तितके आखूड ठेवून. बेसला वरून २२ किलोओहम आणि खालून २२ किलोओहम. एमिटरपासून ग्राउंडला २.२ किलोओहम. बेस आणि एमिटरच्या मध्ये १००० पिकोफॅरड, एमिटर आणि ग्राउंडच्या मध्ये आणखी १०००. बेसपासून १२० पिकोफॅरडचा एक, त्याच्या दुसऱ्या टोकाला कॉईल, आणि कॉईलचं उरलेलं टोक ग्राउंडला. एवढंच.

तीन कंडेन्सर ओळीत आले, त्यांची एकत्रित धारकता ९७ पिकोफॅरडच्या जवळ. आजूबाजूच्या तारांची चारदोन धरली की शंभर. क्लॅपची हुशारी इथेच आहे. ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या अंगातही काही पिकोफॅरड लपलेले असतात आणि ते तापमानाबरोबर, व्होल्टेजबरोबर बदलतात. १००० च्या मोठ्या कंडेन्सरांच्या शेजारी त्यांची कुरबुर ऐकूच येत नाही. लय ठरते ती मुख्यतः १२० च्या कंडेन्सरावर आणि कॉईलवर. शिवाय तोच कंडेन्सर कॉईलला बेसचं व्होल्टेज ग्राउंडला ओढू देत नाही. एका भागाने दोन कामं केली.

बटण दाबलं की पहिला धक्का कोण देतो, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून छळत होता. झोपाळ्याला कुणीतरी आधी ढकलावं लागतं. इथे ते काम उष्णता करते. कोणत्याही तारेत, कोणत्याही रेझिस्टन्समध्ये इलेक्ट्रॉन सदैव चुळबुळत असतात आणि त्यातून मायक्रोव्होल्टांतला गोंगाट उठतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सनने तो मोजला आणि हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये त्याचं गणित दिलं. त्या गोंगाटात सगळ्याच वारंवारता असतात, आपली ७ मेगाहर्ट्झही. बटण दाबण्याचा झटकाही त्यात भर घालतो. कॉईल-कंडेन्सरची जोडी त्यातून आपल्या लयीची तेवढी उचलते, ट्रान्झिस्टर ती वाढवून परत देतो, आणि आपल्या आकड्यांनी हिशोब केला तर शंभरेक फेऱ्यांत लहर पूर्ण उंचीवर येते. शंभर फेऱ्या म्हणजे सेकंदाचा सुमारे सत्तर हजारावा भाग.

आणि मग वाढ थांबते कशी? इथे साइन लहरीचं खरं मर्म आहे. सुरुवात व्हायला भर गळतीपेक्षा जास्त लागते. मोठी झालेली लहर ट्रान्झिस्टरला त्याच्या मर्यादेला नेऊन आदळते, तो प्रत्येक फेरीत थोडाच वेळ वाहतो, त्यामुळे भर आपोआप घटते आणि गळतीशी बरोबरी होते. पण हे आदळणं म्हणजेच लाथ. तिच्यातून १४, २१, २८ मेगाहर्ट्झचे कोपरे उमटतात. कॉईल-कंडेन्सरची जोडी त्यांतले बरेच घासून काढते, सगळे नाही.

बिल ह्यूलेटने १९३९ मध्ये यावर काढलेला उपाय मला अजूनही काव्यासारखा वाटतो. त्याचा ऑसिलेटर आपल्यापेक्षा फार सावकाश, ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्यातला. लहर परत देण्याच्या वाटेवर त्याने एक छोटा विजेचा दिवा बसवला. लहर वाढली की दिव्याची तार तापते, तापली की तिचा विरोध वाढतो, आणि भर कमी होते. लहर खाली आली की तार थंड होते आणि भर पुन्हा वाढते. आदळणं टळलं. पालो अल्टोच्या गॅरेजमधून निघालेलं ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचं पहिलं उत्पादन होतं, आणि वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने त्याच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग ‘फँटासिया’ चित्रपटाच्या कामासाठी घेतले.

आपल्या सर्किटात दिवा नाही, पण तोच संयम हाताने आणता येतो. एमिटरच्या २.२ किलोओहमच्या जागी १ किलोओहम आणि त्याला ओळीत २२ किलोओहमचा प्रीसेट लावा. प्रीसेट हळूहळू वाढवत न्या. ट्रान्झिस्टरचा प्रवाह कमी होत जाईल, अंगठ्याचा जोर कमी होत जाईल, लहर आखूड होईल आणि त्याच वेळी गोल होत जाईल. एका जागी ती विझते. माझ्या कॉईलला हे १० किलोओहमच्या थोडं पुढे होतं, तुमची कॉईल जास्त चांगली वळली असेल तर तुमचं आणखी पुढे होईल. तिथून पुरेसं मागे या, बॅटरी काढून लावल्यावर प्रत्येक वेळी दोलन सुरू होतंय याची खात्री करा, आणि तेवढ्याच किमतीचा पक्का रेझिस्टन्स डाग देऊन बसवा. मी बहुतेकदा ४.७ किलोओहमवर थांबतो. एका रेझिस्टन्सच्या किमतीत लहरीची प्रत बदलते. महागडा ट्रान्झिस्टर बसवून ही प्रत मिळत नाही हे मी करून पाहिलं आहे.

बांधणी ब्रेडबोर्डवर करू नका. त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये दोनपाच पिकोफॅरड आपोआप बसलेले असतात, आणि बोट टेकलं तरी ते बदलतात. कॉपर क्लॅड बोर्डाचा एक तुकडा घ्या आणि त्याचं सगळं तांबं ग्राउंड समजा. त्याच बोर्डाचे नखाएवढे चौकोनी तुकडे कापून फेव्हिक्विकने त्यावर चिकटवा, प्रत्येक जोडाला एक बेट. फेरिक क्लोराईडने हात पिवळे करण्याची गरज नाही. तारांचे पाय आखूड ठेवा. एक सेंटिमीटर तार ७ मेगाहर्ट्झला अर्धा ओहमसुद्धा अडवत नाही, पण १०० मेगाहर्ट्झला ती छोटी कॉईलच असते. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात लांब पायांमुळे नेमकं हेच झालं होतं. ७ मेगाहर्ट्झला शुकशुकाट, आणि शेजारच्या खोलीतला एफएम रेडिओ मात्र बटण दाबलं की गप्प. ट्रान्झिस्टरने तारांच्या लांबीतूनच स्वतःचा वेगळा झोपाळा शोधला होता. बेसच्या पायालगत ४७ ओहम टाकला आणि ते बंद झालं.

लहर बाहेर काढायची तीही हळुवारपणे. कॉईलच्या ग्राउंडकडच्या टोकाशी वेगळ्या तारेचे दोन वेढे घाला आणि त्यातून दुसऱ्या बीसी ५४७ ला द्या, एमिटर फॉलोअर म्हणून जोडून. हा दुसरा ट्रान्झिस्टर दारातल्या माणसासारखा उभा राहतो. बाहेर काहीही जोडलं तरी आतल्या झोपाळ्याला धक्का लागत नाही. त्याच्यापुढे ४७ ओहम, मग ३३० पिकोफॅरड ग्राउंडला, १.८ मायक्रोहेन्री ओळीत, पुन्हा ३३० ग्राउंडला, आणि शेवटी ५० ओहमचा भार. ही चाळणी मूळ लहर जवळजवळ तशीच सोडते, १४ मेगाहर्ट्झचा अंश हिशोबाने पाव करते आणि २१ चा बाराव्या-तेराव्या हिश्श्यावर आणते.

ऑसिलोस्कोप नसेल तर अडत नाही. ओए ७९ सारखा जर्मेनियम डायोड, एक १०२ आणि साधा मल्टिमीटर, एवढ्यात लहर आहे की नाही आणि साधारण किती मोठी ते कळतं. वारंवारतेसाठी शॉर्टवेव्हचा रेडिओ घ्या, ४१ मीटर पट्ट्याच्या जरा खालच्या बाजूला सुई न्या, आणि खरखर कुठे दबते ते ऐका. वारंवारता जास्त हवी असेल तर वेढे किंचित विरळ करा, कमी हवी असेल तर पुन्हा जवळ आणा. मात्र या खेळाला ॲंटेना जोडायची नाही. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा पट्टा आहे. प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि तो जरूर घ्यावा. आपली लहर मिलिवॉटांची आहे, ती पत्र्याच्या डब्यात सुखाने राहील.

डबा बिस्किटांचा चालेल. कॉईल पत्र्यापासून निदान तिच्या व्यासाइतकी लांब ठेवा. झाकण लावल्यावर वारंवारता थोडी चढेल, ते साहजिक आहे. मग अर्धा तास काही करू नका. डागाची ऊब जाऊ द्या. पीव्हीसी तापमानाने फुगतो, त्याबरोबर कॉईल फुगते, आणि दर अंशाला लहर शंभर-दोनशे हर्ट्झ खाली सरकते. म्हणून डबा खिडकीत, उन्हात, पंख्याखाली ठेवायचा नाही. क्वार्ट्झच्या स्फटिकाचा ऑसिलेटर या बाबतीत कितीतरी स्थिर असतो. वॉल्टर केडीने १९२१ मध्ये पहिला केला. पण स्फटिक एकाच जागी खिळलेला असतो, बोटाने सरकत नाही.

बोटाचंच सांगायचं तर, झाकण उघडं असताना हात जवळ नेऊन बघा. शंभर पिकोफॅरडमध्ये हाताने पिकोफॅरडचा फक्त शंभरावा भाग वाढवला, तरी ७ मेगाहर्ट्झची लहर साडेतीनशे हर्ट्झने उतरते. शिळेच्या रूपात ऐकली तर कुठल्याही कानाला हा फरक कळेल. रेडिओ बांधणारे यावर वैतागत असताना रशियात लेव्ह थेरेमिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास त्यातून वाद्य केलं. दोन ऑसिलेटर, एकाच्या जवळ वादकाचा हात, आणि दोघांच्या फरकातून उमटणारा सूर. १९२२ मध्ये त्याने ते लेनिनला वाजवून दाखवलं.

पहिला डबा जमला की मी लगेच दुसरा बांधला, तेच आकडे, तोच पाइप. दोन्ही टेबलावर ठेवले, दोन्हींची झाकणं काढली, मध्ये शॉर्टवेव्हचा रेडिओ. एका कॉईलचा शेवटचा वेढा टूथपिकने रेटत गेलो. शीळ उंचावरून खाली घसरत आली, जाड झाली, घोगरी झाली, शेवटी एकेका ठोक्यासारखी मोजता येऊ लागली आणि थांबली. मग हात टेबलापासून दूर घेतला, तर ती पुन्हा सुरू झाली.